तुटलेली वायर

एल्बे नदीवरचा पूल शेवटच्या माणसापर्यंत लढवा, असा हुकूम होता. युद्ध तर हरल्यातच जमा होतं. सार्जंट ब्रेमेने ठरवलं, उरलेल्या सहाही पोरांना पलीकडे न्यायचं, अमेरिकनांना शरण जायचं.

भर दुपारी होडी पाण्यात लोटताना खंदकातला फोन वाजला.

"सार्जंट, फोनची वायर तर मी मघाशीच तोडली!" पोरांतला वेन्झेल म्हणाला. तुटलेलं टोक त्याच्या हातातच होतं.

ब्रेमेने फोन उचलला.

"सार्जंट, आम्ही सहाही जण पुलावर मरून पडलोय. तुम्ही एकटेच कुठे निघालात?"

आवाज वेन्झेलचा होता.

"कोण होतं?" समोर उभ्या वेन्झेलने विचारलं.

"कुणी नाही. बसा होडीत. सगळ्यांना नेणार म्हणजे नेणार!"

ब्रेमे पुढे बसून वल्हं मारू लागला. सात जणांची होडी एकट्याची असावी इतकी हलकी चालली होती.

मागे न बघता तो वल्हं मारतच राहिला.