पहिली भाकरी

"थाप," मनकर्णा म्हणाली आणि पिठाची परात तिनं लेकापुढं सरकवली.

उत्तरेश्वरनं बाह्या वर सारल्या. बाहेर गाडी जुंपलेली होती. दिवाळीची सुट्टी संपली होती आणि आज त्याला बीडच्या सरकारी उर्दू शाळेत परतायचं होतं. पण त्याची वळकटी गाडीत न चढता अजून दाराशीच पडून होती.

झालं होतं असं, की कोर्टाच्या कामाला बीडला जाऊन आलेल्या भगवानरावांनी सगळ्या धर्मापुरीत बोभाटा केला होता, मनकर्णेचं पोरगं मुसलमानाच्या ताटात जेवतंय म्हणून. बीडचे चाँदभाई दरसाल सीताफळं न्यायला मळ्यात यायचे. भला माणूस, म्हणून तर पोराला त्यांच्या घरी ठेवलं होतं. फक्त पाठवताना मनकर्णेनं एक अट घातली होती, आपल्या हातानं करून खायचं. उत्तरेश्वर देवाची शपथ घेऊन सांगत होता, मी माझ्या हातानंच करतो. पण विश्वास कोण ठेवणार? जन्मात कधी चुलीपुढं न बसलेला सतरा वर्षांचा घोडा, आणि म्हणे भाकरी थापतो!

"जमली तर गाडीत बस," मनकर्णा म्हणाली. "न्हाई जमली तर बैल सोडाया सांगते."

त्यानं पीठ मळायला घेतलं. गंमत बघा, पहिल्यांदा बीडला गेला तेव्हा घरच्या आठवणीनं त्याला करमत नव्हतं. धर्मापुरीकडं जाणारी गाडी दिसली की पाय तिकडं ओढ घ्यायचे. आणि आज त्याला धास्ती होती, बीड सुटतंय की काय याची. डोळ्यांपुढं तिथलं अंगण येत होतं. मधोमध ओढलेली चुन्याची रेघ, इकडं त्याची चूल, तिकडं चाँदभाईंच्या आईची, रहेमतबीची. ती रेघ म्हातारीनं आपणहूनच ओढून घेतली होती, पोराच्या आईचा शब्द मोडायला नको म्हणून. त्याच्या पिठाला ती कधी बोट लावायची नाही. स्वतःची परात रेघेपर्यंत ओढत आणायची आणि तिकडून थापून दाखवायची. "हौले हौले, बेटा. भाकर हाय ती, दुश्मन न्हाई."

त्यानं गोळा थापला, शेवटी उचलून दोन्ही तळव्यांवर नाचवला आणि तव्यावर टाकला. वरून पाणी फिरवलं, भाकरी उलटली, निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगली.

मनकर्णेचा जीव भांड्यात पडला. पण कुठंतरी काहीतरी टोचलंही.

"ही थाप माझी न्हाई," ती म्हणाली. "मी हातावर घेत न्हाई."

"रहेमतबीची हाय, माय. लांबूनच शिकलो. आईशप्पत."

बोलता बोलता त्यानं ती भाकरी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

"ती कावून बाजूला ठिवली? खा की गरम गरम."

उत्तरेश्वर थबकला. आपण काय केलं ते त्याच्याही आत्ताच ध्यानात आलं. "सवय लागली," तो म्हणाला. "त्यांचा धाकटा ल्योक रहीम हैद्राबादला गेलता, त्याचा काही पत्ता न्हाई. रहेमतबी रोज पयली भाकर त्याच्या नावानं ठिवत्यात, आन् सांजच्याला दारावर येईल त्याला देत्यात. म्हनत्यात, जो लांब हाय त्याची पयली."

"मग तू बी ठिवतूस तितं?"

"हां."

"कुनाच्या नावानं?"

"तुझ्या."

 मनकर्णा उगाच चुलीतलं लाकूड आत सारत राहिली. मग तिची नजर फळीवरच्या फडक्याकडं गेली.

"मी तर हितं बसले की रे तुझ्यापुढं," ती म्हणाली. "मग आजची कुनाची?"

उत्तरेश्वरनं मान खाली घातली. आईसमोर ते नाव घ्यायची त्याला लाज वाटली, आणि तोंड उघडलं तर रडू फुटेल अशी भीतीही. बाहेरून गाडीवानानं हाक दिली.

"सरक," मनकर्णा म्हणाली. तिनं परात आपल्याकडं ओढली. "तुझ्या हातच्या रहेमतबींनी रोजच बगितल्यात."

तिनं एक भाकरी थापली. तिची नेहमीची, जाड, कडेला बोटं उमटलेली. भाजून झाल्यावर राख झटकली आणि स्वच्छ फडक्यात बांधली. मग दाराशी जाऊन वळकटी तिनंच गाडीत टाकली.

गाडी हलली तशी ती पुरचुंडी हातात धरून चाकाबरोबर चालू लागली. देऊ की नको, असं तिचं झालं होतं. वेशीपाशी तिनं ती एकदाची लेकाच्या मांडीवर ठेवली.

"जाईस्तोवर वाळून कडक होईल. दुधात कुस्करून घ्या म्हनावं."

"सांगतो."

वेस मागं पडली तरी ती गाडीबरोबर चालतच होती.

"उत्तरेश्वर," तिनं हळूच विचारलं, "त्या खातील का रे माझ्या हातची?"