नियमात बसणारी

सत्तरीच्या सारजाबाई नव्वदीच्या आईला घेऊन सोलापूरजवळच्या एका वृद्धाश्रमात आल्या. आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं सारजाबाईच करायच्या. दोघी ज्या भाच्याकडे राहत होत्या, तो घर विकून पुण्याला निघाला होता.

व्यवस्थापक मॅडमनी गाडीच्या मागच्या सीटवर निजवलेल्या म्हातारीकडे पाहिलं.

"आजींना नाही घेता येणार. उठवायला, पुसायला आमच्याकडे माणसं नाहीत. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येतं, त्यांनाच आम्ही ठेवतो."

"मी करते की तिचं समदं."

"तुम्ही चालत्या-फिरत्या आहात. तुम्हाला घेता येईल."

"मग आईनं कुटं जायचं?"

मॅडमनी हातातली नोंदवही उघडली. त्यांनी विचारलं, "तुमचं सामान किती आहे?"

सारजाबाईंनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"दोन लुगडी हायत, एक ताट-वाटी हाय," त्या म्हणाल्या, "आन ही हाय."

मॅडमनी नाव एकीचंच लिहून घेतलं. खोली मात्र दोन खाटांची उघडून दिली.