लाडवांचा डबा

अंबूबाईंनी डब्याचं झाकण अर्धं उचललं आणि तेवढ्यात विमानात सूचना झाली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. एका प्रवाशाला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. कृपया शेंगदाण्याचे पदार्थ उघडू नका. जिवाला धोका होऊ शकतो.

अंबूबाईंनी झाकण गच्च दाबलं. डब्यात शेंगदाण्याचेच लाडू होते. बंगलोरला नोकरीला लागलेल्या लेकासाठी, प्रज्वलसाठी बांधलेले. पण शेजारच्याला दिल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, ही त्यांच्या जानेफळ गावची रीत. म्हणून आजूबाजूला एकेक वाटणार होत्या.

"माय वं! निसत्या शेंगदान्यानं जीव जाते?"

"जाऊ शकते, आत्याबाई," खिडकीशी अंग चोरून बसलेली त्यांची सून संजीवनी म्हणाली.

अंबूबाई हळहळल्या. शेंगदाणा सुनेलाही चालत नसे, पण ते निराळं. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी कूट घालायच्या आधी ती आपली भाजी बाजूला काढायची. "मंग मी भाजीत काय माती टाकू?" अंबूबाई विचारायच्या. एकदा कुटाच्या भाजीतला चमचा चुकून तिच्या भाजीत गेला, तर तिचे ओठ सुजून टम्म झाले. "मुंगी चावली असंन," अंबूबाई म्हणाल्या होत्या. माहेरचे लाड, दुसरं काय!

पलीकडच्या माणसाने खाऱ्या शेंगदाण्यांचं पाकीट फाडायला घेतलं. अंबूबाई कडाडल्या.

"ओ भाऊ! कानात बोळे घातले काय? कोनाची लेक असंन, कोनाची सून असंन. घंटाभर दम नाही निघत तुमाले?"

त्याने मुकाट्याने पाकीट खिशात घातलं. अंबूबाईंनी डबा पिशवीत, पिशवी सीटखाली सारली. झाकणाला लागलेली बोटंसुद्धा ओल्या रुमालाने एकेक करून पुसली. हवाई सुंदरी जवळून जाऊ लागली, तशी तिला थांबवलं.

"कोन हाय व पोरी ते?"

ती क्षणभर घुटमळली. "एक ताई आहेत," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली.

"बिचारी!" अंबूबाईंचा जीव काही राहीना. "असा नाजूक जीव, अन् घरच्यायनं एकटीले कसं सोडलं व?"

संजीवनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळली.

"एकटी नाही, आत्याबाई. सासू हाय तिच्या संगं."