पाद्रीबाबांची नोंद

साताऱ्याच्या आमच्या संग्रहालयात तांब्याच्या पत्र्यावर एका पाद्रीबाबांचा अर्धाच, बाजूने दिसणारा चेहरा कोरलेला आहे. शेजारी त्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. छापताना चेहरा उलटा उमटतो. म्हणून नोंदवहीत मी लिहिलं होतं, पत्र्यावर डावीकडे, चित्रात उजवीकडे.

चौऱ्याहत्तरच्या तपासणीत दोघेही डावीकडे, दाराकडे बघताना आढळले.

साहेब म्हणाले, "आजच नोंद सुधारा. पुन्हा चुकलात तर घरी बसा."

माझा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. झाडणाऱ्या लीलाबाईंना विचारलं.

"दोगं बी दाराकडंच बघत्यात की."

तसं लिहिलं आणि जाऊन दार लावलं.

"आवं आण्णा," मागून लीलाबाई हळूच म्हणाल्या, "आता दोगांचं बी दोन्ही कान दिसाय लागलं."