बुटाची नाडी

१९६३ सालच्या एप्रिलमधल्या त्या रविवारी सगळं ठरल्याप्रमाणे जुळून आलं होतं. इटलीतल्या ट्युरिनच्या पो रस्त्यावर, कमानींखाली, चॉकलेटच्या दुकानासमोर हिरव्या कोटातली मुलगी उभी होती. कानिओ आईला घेऊन दहाएक पावलांवर येऊन पोहोचला होता. आणि नेमका तेव्हाच आईने त्याचा दंड धरला आणि रस्ता ओलांडला.

"आई, अगं दुकान त्या बाजूला! इथलं गरम चॉकलेट प्यायला सगळं शहर येतं."

"मग गर्दी असेल," दोनाता म्हणाली. "आधी चर्चमध्ये जाऊ."

कानिओने मागे वळून हिरव्या कोटाला हळूच खूण केली, ये मागून.

दोनाता दक्षिणेतल्या डोंगरातली. पायघोळ काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली तरी तिने रंग अंगाला लावला नव्हता. भाच्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला म्हणून ती एवढी लांब आली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होती. गावी पोहोचली की शेजारच्या फिलोमेनाच्या बापाला ती कानिओच्या लग्नाचा शब्द देणार होती. इथे कारखान्यात कामाला असलेल्या कानिओकडे तेवढाच एक दिवस होता.

हिरव्या कोटातल्या पिएराचं नाव तो सरळ घेऊ शकत नव्हता. त्यांच्या गावात मुलाने आईपुढे मुलीचं नाव काढलं, की ती मागणीच. आई एकदा 'नाही' म्हणाली की विषय मिटला. त्यात पिएरा इथली, उत्तरेची. इथल्या कितीतरी दारांवर 'दक्षिणेकडच्यांना खोली मिळणार नाही' अशा पाट्या होत्या. त्या काय म्हणतात ते दोनाताने भाच्याकडून वाचून घेतलं होतं. म्हणून दोघांनी योगायोग ठरवला होता. सहज भेट, दोन शब्द. आईला मुलगी आवडली तर बरं.

चर्चमध्ये दोनाता बसली ती उठेचना. ज्यासाठी लोक तिथे येत ते येशूचं कफन कुलपात होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

"किती वेळ, आई?"

"देवाकडे यायचं आणि घाई करायची?"

चौकात घोड्यावरचा राजा होता. कानिओने हळूच आईला पिएराच्या दिशेने वळवलं, तर दोनाता पुतळ्याला वळसा घालून पलीकडे गेली आणि घोड्याच्या शेपटीकडेच बघत राहिली.

खाणावळीत त्याने टेबल सांगून ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावर पिएरा बसणार होती. दोनाता दारापर्यंत आली. आतून मांस भरलेल्या आन्योलोत्ती पास्त्याचा आणि लोण्याचा वास येत होता.

"मी नाही येत. आई जिवंत असताना मुलगा बाहेर जेवला तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? इथे तुला कोण ओळखतं?"

"मी ओळखते ना."

समोरच्या बाकावर तिने फडकं सोडलं. पहाटे भाच्याच्या चुलीवर केलेली भरली वांगी आणि पाव. दोघांनी खाल्लं. बाकीचं तिने पुन्हा बांधून ठेवलं.

"ते कशाला उरवलंस?"

"लागेल कुणाला तरी."

कानिओने कमानींकडे पाहिलं. खांबाआड हिरवा कोट उपाशी उभा होता.

मग दोनाताला नदी बघायची होती. नदी झाली तर पलीकडची टेकडी. ट्राम नको, चालतच जायचं. आणि चालायला लागली तरी धड चालेना. घडीघडी थांबायची.

"आता काय झालं?"

"नाडी सुटली बुटाची."

कठड्यावर टेकायची, झग्याखाली वाकायची, उठायचं नावच नाही. कानिओ तोंड फिरवून पाण्याकडे बघत दात खात राही. पुलावर तर तिने हद्द केली. सूर्य कलला तरी नाडीच बांधत होती. त्याने चोरून मागे पाहिलं. पिएरा फार मागे राहिली होती. उंच टाचांचे नवे बूट हातात घेऊन ती अनवाणी, लंगडत येत होती.

"आई, तुला या शहरातलं काही बघायचंच नाहीये का?" तो ओरडला.

"बघतेय की," दोनाता म्हणाली आणि उठली.

स्टेशनवर कानिओने आईला गाडीत बसवलं. दिवस वाया गेला होता. दोनाताने खिडकीतून ते फडकं त्याच्या हातात दिलं.

"हे तिला दे. त्या हिरव्या कोटवालीला. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या."

"तू... तिला पाहिलंस?"

"मग मी काय दिवसभर घोड्याची शेपटी बघत होते? गोड हसून नमस्कार कुणीही करतं रे. ती किती चालते ते बघायचं होतं."

पुढे फिलोमेनाने पोस्टमनशी लग्न केलं आणि ती कानिओपेक्षा सुखात राहिली, असं तीच सांगत असे. कानिओने मोटारीच्या कारखान्यात जन्म काढला. आईची ही गोष्ट सांगताना तो नाड्यांवरून तिची नेहमी थट्टा करी. त्या दिवशी पुलावरून आपण परत फिरणार होतो, हे पिएराने त्याला लग्नानंतर सांगितलं. पण म्हातारी अजून बसलीच आहे हे पाहून तिने आणखी थोडं चालून बघितलं होतं.

दोनाता १९७९ साली गावी वारली. तिला तयार करायचं काम सुनेकडे आलं. चांगले बूट तिच्याकडे एकच होते, बाप्तिस्म्यासाठी घेतलेले, त्या रविवारी पुलावर पायात होते तेच. पिएराने ते तिच्या पायांत सरकवले आणि नाड्या बांधायला ती खाली वाकली. बुटांना नाड्या नव्हत्या. ओवायला भोकंही नव्हती.