नाव, आकार, तारीख

वादळात पाइनचं झाड तारांवर कोसळलं आणि दुपारी वीज गेली. ती आली तेव्हा हेल्काच्या भाषणाची फाइल जागेवर होती. नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख आजची. उघडली तर आत नुसती शून्यं.

उद्या दफनानंतर, चर्चच्या सभागृहातल्या कॉफीच्या वेळी, तिला आपल्या भावाविषयी, वेईक्कोविषयी, बोलायचं होतं. सकाळपासून ती लिहीत होती, रडत होती, खोडून पुन्हा लिहीत होती.

"मी सेव्ह केलं होतं, ओस्मो. तुझ्यासमोर."

तिच्या नवऱ्याने तपासणी चालवली. डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या, हे बघणारी ही सिस्टीम त्याने आणि त्याच्या सोबत्यांनीच घडवली होती, आयुष्याची ऐन वर्षं घालून. एकही चूक निघाली नाही.

"सिस्टीम शाबूत आहे," तो म्हणाला, आणि बोलून ओशाळला.

"आणि वेईक्को?"

ओस्मो खुर्चीत बसला. जगभरच्या वैतागलेल्या लोकांना हेच सांगून सांगून तो थकला होता. काही बदलायचं झालं की सिस्टीम आधी एका वहीत टिपून ठेवते: या नावाची, एवढी मोठी फाइल, अमुक जागी. वीज जाऊन आली की ती वही वाचते आणि घर लावून घेते. मजकूर मात्र वहीत नसतो. तो मागाहून, सवडीने जागेवर पडतो; त्याआधी वीज गेली तर तिथे शून्यंच उरतात.

"जुनी प्रत तरी?"

"नवी ठेवताना ती आधीच पुसली गेली."

"मग मजकूरही वहीत का नाही लिहीत?"

"लिहिता येतो. वेग कमी होतो."

"किती?"

"तुला कळलंही नसतं."

"कुणी ठरवलं हे?"

"आम्हीच. नाहीतर बाकीच्यांपुढे मंद दिसलो असतो."

हेल्का भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. त्याने कोरा कागद ओढला.

"तू सांग. मी लिहितो."

तिने डोळे मिटले. "वेईक्को. माझा धाकटा भाऊ. जन्म एकोणसाठचा, केरिमाकीतला. गेला या ऑक्टोबरात."

ओस्मोने लिहिलं आणि तो थांबला. सकाळची वाक्यं शोधताना तिचे ओठ नुसतेच हलत होते.

"पुढे?"

"एवढं तर त्याच्या थडग्यावरही कोरतील," ती म्हणाली.