खाचेतला रंग

बाबा पिकअपच्या अपघातात गेले, तेव्हापासून दादाची एकच टकळी, "म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, तरी चालवायची खाज." गाडीचं काम दरवर्षी त्याच्याच गॅरेजमध्ये व्हायचं. "ब्रेक उघडून साफ केलेत," म्हणायचा आणि बाबा चारचौघांत लेकाचं कौतुक करायचे. आज मी मागचं चाक काढलं. ब्रेकचा ड्रम काळा कुळकुळीत, जागचा हलेना. "भंगारात द्यायचीय, कशाला झक मारतोस?" दादा खेकसला. ड्रम ज्याने जागी बसतो, त्या स्क्रूची खाच रंगाने बुजली होती. खरवडल्यावर रंगाचे सहा थर निघाले, सहा वर्षांचे, दरवर्षी वरून फासलेला एकेक. त्या खाचेत पेचकस एकदाही गेला नव्हता. स्क्रू काढला, हातोडे हाणून ड्रम उपटला. आतल्या ब्रेकपट्ट्या झिजून नुसतं लोखंड उरलं होतं. दारातून आईने विचारलं, "डोळ्यांनीच घात केला ना रे त्यांचा?" मी ड्रम दादाच्या हातात कोंबला. तो पोटाशी धरून दादा म्हणाला, "हो आई. डोळ्यांनीच."